हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला का? पिवळ्या रेषेपासून द्रव हेलियमपर्यंत

हेलियमच्या शोधाबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र येतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, हे कितपत खरे? सूर्यावर सापडलेला हा वायू पृथ्वीवर हाती लागायला पुढे सत्तावीस वर्षे का लागली? आणि पुस्तकात त्याचे जे गुणधर्म दिलेले असतात, ते प्रत्यक्ष काम करताना कसे जाणवतात? तिन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलग लिहितो.

आधी विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरले आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमवरून बंगालच्या उपसागराकडे गेले. विजयदुर्ग त्या पट्ट्यात येतो आणि किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे लॉकयर यांनी जिथून ग्रहण पाहिले असे सांगतात ते चौथरे, आजही दाखवतात. पण लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते आणि त्यांचा नवा वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत विभागून दाखवणारे उपकरण, स्पेक्ट्रोस्कोप) तेव्हा तयारही झाला नव्हता. त्यांचे निर्णायक निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८चे आहे, लंडनमधले आहे आणि ते ग्रहणाविना केलेले आहे. किल्ल्यावर दरवर्षी १८ ऑगस्टला मुले जमतात, दुर्बिणी लागतात, हे उत्तमच आहे. तो दिवस साजरा करायला ग्रहणाचे कारण पुरेसे आहे; लॉकयर यांना तिथे नेऊन बसवण्याची गरज नाही.

मराठी वाचकासाठी या ग्रहणाचा खरा धागा थोडा पूर्वेला सापडतो. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट होते, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन, तर सयाममध्ये फ्रेंच पथकातले जॉर्ज राये. या सर्वांचा मुख्य प्रश्न एकच होता. ग्रहणात चंद्राच्या कडेबाहेर ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्या तेजःशृंगांचा वर्णपट अखंड आहे की तुटक रेषांचा? अखंड असेल तर ती घन किंवा द्रव कणांची चमक, रेषांचा असेल तर तप्त वायू. उत्तर सर्वांना मिळाले: तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे वायू. त्यांतल्या लाल आणि निळ्या रेषा हायड्रोजनच्या होत्या. एक पिवळी-नारिंगी रेषाही होती आणि ती बहुतेकांनी सोडियमची डी रेषा म्हणून नोंदवली. पॉगसन यांनी ‘डीवर किंवा डीजवळ’ अशा अर्थाची सावध नोंद केली.

इतक्या अनुभवी माणसांनी ती रेषा सोडियमची का मानली? त्यांची नजर कमी पडली असे नव्हे. खग्रास स्थितीत तुलनेसाठी काही उरतच नाही, हे त्याचे कारण. एरवी सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या दोन गडद रेषा दिसतात, त्यांच्या शेजारी कोणतीही तेजस्वी रेषा ठेवली की फरक लगेच कळतो. दीप्तिगोल, म्हणजे सूर्याची झगझगीत तबकडी, झाकला गेला की त्या गडद रेषाही जातात. मग उपकरणावरच्या मोजपट्टीवर विसंबावे लागते. ती मोजपट्टी सकाळी जुळवलेली असते, दुर्बीण कलल्यावर नळ्या किंचित वाकतात, आणि हातात जेमतेम पाच मिनिटे असतात. जमखंडीला तर मध्येच ढग येत होते.

आकडे पाहिले की अडचण किती बारीक होती ते कळते. सोडियमच्या दोन रेषा ५८८.९९५ आणि ५८९.५९२ नॅनोमीटरला आहेत. हेलियमची पिवळी रेषा ५८७.५६ नॅनोमीटरला. म्हणजे जवळच्या सोडियम रेषेपासून अंतर फक्त १.४३ नॅनोमीटर. हा फरक वेगळा दाखवायला उपकरणाची विभेदनक्षमता सुमारे ४१० लागते, आणि ती तर साध्या प्रिझमलाही जमते. फरक दिसणे अवघड नव्हते. तो कशाच्या सापेक्ष मोजायचा, ही अडचण होती.

जान्सेन यांना ग्रहण चालू असतानाच सुचले की या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी गुंटूरमध्येच ते करून दाखवले. युक्ती अशी: सूर्याच्या कडेलगत आकाशातला विखुरलेला प्रकाश अखंड वर्णपटाचा असतो. प्रिझम वाढवून वर्णपट लांबवला की तो प्रकाश पसरून फिका पडतो. पण एकाच तरंगलांबीची रेषा लांबत नाही, तिची चमक जवळपास तशीच राहते. वर्णपट पुरेसा पसरला की रेषा पार्श्वभूमीतून वर येते. लॉकयर यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे आधीपासून धरली होती, पण उपकरणे बनवणाऱ्या ब्राउनिंग यांच्याकडून उपकरण मिळायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्यांना तीन रेषा दिसल्या: एक हायड्रोजनच्या लाल रेषेशी तंतोतंत जुळणारी, एक निळ्या रेषेच्या अगदी जवळ, आणि तिसरी डीजवळ. तिसरीबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिले की ती सोडियमच्या दोन गडद रेषांपैकी निळ्या बाजूच्या रेषेच्याही पुढे, किर्खहॉफ यांच्या मोजपट्टीवर आठ-नऊ अंश सरकलेली आहे. दिवसाढवळ्या काम करत असल्यामुळे सूर्याच्या गडद रेषा त्याच दृष्टिक्षेत्रात होत्या. ग्रहणात जे शक्य नव्हते ते ग्रहणाविना शक्य झाले. जान्सेन आणि लॉकयर या दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. ते पदक ग्रहणाविना तेजःशृंगे पाहण्याच्या पद्धतीसाठी आहे. हेलियमशी त्याचा थेट संबंध नाही, हे मराठी लेखांत हमखास निसटते.

सोडियमच्या रेषांना डी१ आणि डी२ म्हणतात, म्हणून या रेषेला डी३ नाव पडले. लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी हायड्रोजनचा दाब आणि तापमान बदलून ही रेषा मिळते का ते पाहिले. मिळाली नाही. १८७१मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात या दोघांनी सुचवलेले ‘हेलियम’ हे नाव जाहीरपणे उच्चारले. तरी बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतले नाही. एका रेषेवरून मूलद्रव्य मानायचे का, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. त्याच सुमारास सूर्याच्या किरीटातल्या (ग्रहणात दिसणाऱ्या बाहेरच्या प्रभामंडळातल्या) एका हिरव्या रेषेवरून ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले, आणि ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची निघाली.

इथे एक शंका नेहमी येते. सूर्यात वस्तुमानाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, तर फ्राउनहोफर यांनी नोंदवलेल्या शेकडो गडद रेषांत त्याची एकही ठळक रेषा का नाही? डी३ रेषा शोषली जायला अणू आधीच उत्तेजित अवस्थेत हवा, आणि ती अवस्था तळपातळीपासून, म्हणजे अणूच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेपासून, सुमारे २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचे एकक) वर आहे. दीप्तिगोलाच्या सुमारे ५८०० केल्व्हिन तापमानाला तितकी ऊर्जा मिळालेले अणू जवळजवळ नसतात. त्यावरच्या पातळ थरात, म्हणजे वर्णगोलात, आणि तेजःशृंगांत किरीटाकडून येणारे अतिनील व क्ष-किरण हेलियमला उत्तेजित करतात, म्हणून रेषा तिथेच उजळते. सोडियमची डी रेषा मात्र तळपातळीवरूनच शोषली जाते, त्यामुळे सूर्यात अत्यल्प असूनही ती गडद दिसते. वर्णपटातल्या रेषेचा ठळकपणा पाहून मूलद्रव्याचे प्रमाण ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही १.४३ नॅनोमीटरची फट एका दुपारी पाहता येते, आणि ती पाहिल्याशिवाय हा इतिहास नीट उमगत नाही. साहित्य नेहमीचेच: स्पेक्ट्रोमीटर, इंचाला १५,००० रेघांचे ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची, प्रकाश रंगांत पसरवणारी पट्टी), सोडियम दिवा, हेलियमची विसर्गनळी (आतल्या वायूत वीज सोडून तो उजळवणारी नळी) आणि तिचा उच्च विद्युतदाबाचा ट्रान्सफॉर्मर. इंचाला १५,००० रेघा म्हणजे दोन रेघांतले अंतर १६९३ नॅनोमीटर. पहिल्या कोटीत, म्हणजे ग्रेटिंगने पाडलेल्या पहिल्या वर्णपटात, डी३ सुमारे २०.३ अंशांवर येते आणि ती सोडियमच्या जवळच्या रेषेपासून जेमतेम ३ मिनिटे (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) दूर असते. स्पेक्ट्रोमीटरचे लघुत्तम माप १ मिनिट असेल तर ही मोजणी डळमळीत. म्हणून दुसऱ्या कोटीत जा. तिथे कोन सुमारे ४३.९ अंश होतो आणि अंतर ८ मिनिटांवर जाते. सोडियमच्या दोन रेषा आपसांत ३.४ मिनिटे अंतरावर दिसतात, त्यामुळे तीनही रेषा सुट्या ओळखता येतात. डी३ कमी कोनाच्या बाजूला असते.

जोडणीत स्लिटवर, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या बारीक फटीवर, सर्वाधिक लक्ष द्या. कोलिमेटरचे (प्रकाश समांतर करणाऱ्या नळीचे) नाभीय अंतर १८० मिलिमीटर धरले तर ०.१ मिलिमीटर रुंदीची स्लिट सुमारे २ मिनिटांचा कोन व्यापते. रुंदी ०.१७ मिलिमीटरपुढे गेली की पहिल्या कोटीत डी३ आणि सोडियम एकजीव होतात. विद्यार्थी प्रकाश कमी वाटतो म्हणून स्लिट उघडतात आणि मग ‘हेलियमची रेषा सोडियमवरच येते’ असा निष्कर्ष लिहितात. प्रकाश कमी असेल तर नळी स्लिटच्या अधिक जवळ आणा, तिचा बारीक केशनळीचा भाग स्लिटसमोर धरा आणि खोली अंधारी करा. स्लिटला हात लावू नका. हेलियम नळी थेट समोर ठेवा आणि सोडियमचा प्रकाश स्लिटपुढे ४५ अंशांत धरलेल्या साध्या काचेवरून बाजूने आत वळवा. दोन्ही वर्णपट एकाच वेळी दिसले पाहिजेत. आधी एक दिवा, मग दुसरा, असे केल्यास टेबल किंचित हलल्याचा दोष पुन्हा शिरतो, म्हणजे १८६८च्या निरीक्षकांची अडचण तुम्ही विनाकारण ओढवून घेता.

सोडियम दिव्याचीही एक खोड आहे. सुरुवातीला तो लालसर पेटतो, कारण आत निऑन असतो. निऑनच्या रेषा ५८५.२ आणि ५८८.२ नॅनोमीटरला आहेत, म्हणजे डी३च्या दोन्ही अंगांना. दिवा पूर्ण पिवळा होईपर्यंत दहा मिनिटे थांबा, नाहीतर निऑनच्या रेषेलाच हेलियम समजाल. शेजारच्या टेबलावर पाऱ्याचा दिवा चालू असेल तर त्याच्या ५७७.० आणि ५७९.१च्या पिवळ्या रेषाही शिरतात. उच्च दाबाचा, रस्त्यावर असतो तसा सोडियम दिवा इथे चालत नाही. त्यात रेषा रुंदावून मधोमध काळी पडलेली असते.

विसर्गनळी अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, अशी वापरा. केशनळी तापते आणि आयुष्य घटते. टोकांवर काही हजार व्होल्ट असतात, त्यामुळे नळी बदलताना ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढलेला हवा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. चांगल्या नळीत डी३शिवाय ६६७.८ची लाल, ५०१.६ची हिरवी आणि ४४७.१ची निळी-जांभळी रेषा ठळक दिसते. ६५६.३ची लाल किंवा ४८६.१ची निळसर रेषा दिसू लागली तर आत ओलाव्यातून हायड्रोजन आला आहे. रेषांऐवजी लाल-नारिंगी भागात पट्ट्यांची झालर दिसली तर नायट्रोजन, म्हणजे नळीला सूक्ष्म गळती आहे. ती नळी बाजूला काढा, तिच्यावरून मोजमापे घेऊ नका.

नायट्रोजनच्या याच पट्ट्यांनी हेलियमचा पृथ्वीवरचा शोध काही वर्षे लांबवला. अमेरिकेत विल्यम हिलब्रँड युरेनिनाइट हे युरेनियमचे खनिज विरल सल्फ्युरिक आम्लात उकळत असत आणि त्यातून एक निष्क्रिय वायू सुटे. वर्णपटात नायट्रोजनचे पट्टे दिसले, आणि त्यांनी तो नायट्रोजन ठरवला. नमुन्यात थोडा नायट्रोजन खरोखरच होता. १८९४-९५मध्ये रॅले आणि विल्यम रॅमझी यांनी हवेतून आर्गॉन वेगळा केला होता आणि रॅमझी आर्गॉनचे एखादे संयुग किंवा खनिज शोधत होते. ब्रिटिश म्युझियमच्या हेन्री मायर्स यांनी त्यांना हिलब्रँड यांच्या कामाकडे बोट दाखवले. रॅमझी यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमचेच खनिज घेतले, आम्लात उकळले, निघालेल्या वायूत ऑक्सिजन मिसळून अल्कलीवर ठिणग्या पाडल्या. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे होऊन ती शोषली गेली. उरलेला वायू सुकवून विसर्गनळीत भरला, तेव्हा एक झगझगीत पिवळी रेषा दिसली. पहिली शंका सोडियमचीच आली. पण शेजारी सोडियम ठेवून पाहताच रेषा जुळेना. मार्च १८९५मध्ये विल्यम क्रुक्स यांनी तरंगलांबी मोजून ती डी३ असल्याचे सांगितले. थोड्याच दिवसांत उप्साला येथे क्लेव्ह आणि लांगले यांनीही क्लेव्हाइटमधून तोच वायू मिळवला.

आता शोधाची तारीख कोणती मानायची? १८६८ ही रेषेची तारीख आहे आणि १८९५ ही मूलद्रव्याची. माझ्या मते मूलद्रव्य मानायला वायू हाती यावा, त्याची घनता आणि अणुभार मोजता यावा, म्हणून १८९५ला अधिक वजन द्यावे. हे मोजमापही नमुनेदार आहे. वायूची घनता हायड्रोजनच्या सुमारे दुप्पट निघाली. रेणूत दोन अणू असते तर अणुभार २ आला असता. पण नळीत ध्वनीचा वेग मोजून दोन विशिष्ट उष्मांचे (स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या) गुणोत्तर काढले, ते १.६६च्या आसपास आले. हे गुणोत्तर एकअणू वायूचेच असते, कारण त्याला फिरण्या-कंप पावण्यात ऊर्जा साठवता येत नाही. म्हणून अणुभार ४. रासायनिक विक्रियाच न करणाऱ्या मूलद्रव्याचा अणुभार काढायचा हा एकच राजमार्ग त्या काळी होता.

युरेनियमच्या खनिजातच हा वायू का अडकलेला असतो, याचा उलगडा रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी केला. त्यांनी रेडियमपासून मिळणारा रेडॉन वायू अशा काचनळीत भरला, जिची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ होती. अल्फा कण भिंत भेदून बाहेरच्या निर्वात नळीत जमले. काही दिवसांनी त्या नळीत विसर्ग सोडला तेव्हा पिवळी रेषा दिसली. साधा हेलियम भरून त्याच भिंतीतून तो येत नाही, हेही त्यांनी तपासले होते. अल्फा कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्र. पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा हेलियम युरेनियम आणि थोरियमच्या अशा क्षयातून खडकांत साठलेला आहे. हवेत तो दशलक्षात फक्त ५.२ भाग उरतो, कारण वातावरणाच्या वरच्या थरातून हलके अणू सतत अवकाशात निसटतात. म्हणून तो हवेतून काढणे परवडत नाही, नैसर्गिक वायूच्या विहिरींतून काढतात. १९०३मध्ये कॅन्ससमधल्या डेक्स्टर गावी वायूची एक जोरदार विहीर लागली, पण तो वायू नीट पेटेना. तपासल्यावर त्यात बहुतांश नायट्रोजन आणि १.८४ टक्के हेलियम निघाला. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून येणाऱ्या वायूतही टक्क्याहून थोडा अधिक हेलियम असतो. तरी भारताची गरज जवळजवळ पूर्णपणे आयातीवर भागते, म्हणून इथल्या प्रयोगशाळांत उडालेला वायू परत गोळा करण्याची व्यवस्था ही चैन मानू नये.

आता थंडीकडे वळू. हेलियमचा उत्कलनबिंदू ४.२२ केल्व्हिन, म्हणजे उणे २६८.९ अंश सेल्सियस, सर्व पदार्थांत सर्वांत कमी. त्याचे दोन इलेक्ट्रॉन अणुकेंद्राला इतके घट्ट धरून असतात की शेजारच्या अणूशी ओढ जवळजवळ नसते. एक इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, हाही सर्व मूलद्रव्यांत उच्चांक. वातावरणीय दाबाला तो कितीही थंड केला तरी गोठत नाही, कारण हलक्या अणूची शून्यबिंदू ऊर्जा (निरपेक्ष शून्यालाही उरणारी हालचालीची ऊर्जा) त्या क्षीण ओढीला पुरून उरते. घन करायला सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो. केसोम यांनी ते १९२६मध्ये केले.

द्रवीकरणात अनेकांचे प्रयत्न कुठे अडले ते समजून घेण्यासारखे आहे. दाबलेला वायू बारीक छिद्रातून सोडला की तो थंड होतो, असे आपण शिकतो. हे प्रत्येक वायूच्या व्युत्क्रम तापमानाखालीच खरे आहे. हेलियमसाठी ते सुमारे ४० केल्व्हिन आहे. त्याच्यावर हेलियम सोडला तर उलट किंचित तापतो. म्हणजे आधी द्रव हायड्रोजनने त्याला २० केल्व्हिनपर्यंत, आणि दाब कमी करून आणखी खाली आणावे लागते. लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी हीच साखळी उभी केली आणि १० जुलै १९०८ रोजी सुमारे ६० घनसेंटिमीटर द्रव हेलियम मिळवला. त्यांनी वापरलेला वायू मोनाझाइट वाळू तापवून काढलेला होता, आणि त्यातली थोडीशीही अशुद्धी गोठून झडप बंद करण्याची भीती होती. १९११मध्ये त्याच द्रवात पाऱ्याचा रोध नाहीसा झाला आणि अतिसंवाहकता सापडली.

द्रव हेलियम हाताळताना एक आकडा सतत मनात ठेवावा. त्याची बाष्पीभवन ऊष्मा ग्रॅमला फक्त २०.७ ज्यूल आहे आणि लिटरभर द्रवाचे वजन १२५ ग्रॅम. हिशेब केला तर एक वॅट उष्णता आत शिरली की तासाला १.४ लिटर द्रव उडतो. म्हणून क्रायोस्टॅटमध्ये (द्रव हेलियमच्या उष्णतारोधक पात्रात) जाणारी प्रत्येक तार बारीक आणि कमी उष्णतावाहक घेतात, आणि ती वाटेत थंड बाष्पाच्या संपर्कात राहील अशी बसवतात.

भरताना नेहमी बिघडते ते असे. पात्र आधी द्रव नायट्रोजनने ७७ केल्व्हिनपर्यंत थंड करतात, कारण हेलियम थेट ओतला तर तो धातू थंड करण्यातच संपतो. त्यानंतर नायट्रोजन पूर्णपणे बाहेर काढायचा असतो. तळाशी वाटीभर जरी राहिला तर तो ६३ केल्व्हिनला गोठतो, ट्रान्सफर नळीचे तोंड बुजवतो आणि तो दगड थंड करायला कित्येक लिटर हेलियम जातो. तळाचे तापमान ७७च्या थोडे वर चढलेले दिसले की नायट्रोजन गेला असे समजा, मग हेलियम वायूने पात्र दोन-तीनदा धुऊन घ्या. ट्रान्सफर नळी बाहेर काढताना पात्राचे तोंड उघडे राहिले तर हवा आत खेचली जाते आणि मानेत गोठून बूच बनते. खाली द्रव उडत राहतो, दाबाला वाट नसते. म्हणून सुटका-झडप आणि ठरावीक दाबाला फुटणारी चकती या दोन वेगळ्या वाटा असल्याच पाहिजेत. मानेत बूच बसल्याची शंका आली तर वरून काहीही ठोकू नका. खोलीच्या तापमानाचा हेलियम वायू पातळ तांब्याच्या नळीने बुचावर सोडून ते वितळवावे, आणि हे काम अनुभवी माणसानेच करावे.

द्रवावरची वाफ पंपाने खेचत गेले की तापमान उतरते. दाब सुमारे ५० मिलिबार झाला की २.१७ केल्व्हिनला उकळणे एकाएकी थांबते, पृष्ठभाग स्वच्छ आणि निश्चल होतो. काचेच्या पात्रातून हे पाहणे फार सुंदर असते. बाष्पीभवन चालूच असते, पण या अतितरल अवस्थेत उष्णता इतक्या झपाट्याने वाहते की कुठे बुडबुडा धरतच नाही. कापित्झा यांनी आणि स्वतंत्रपणे ॲलन व माइझनर यांनी १९३८मध्ये दाखवले की या द्रवाला सूक्ष्म फटींतून जाताना विष्यंदिता (प्रवाहाला होणारा आतला विरोध) जाणवत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की ४.२ केल्व्हिनला घट्ट असलेला जोड २.१७च्या खाली गळू शकतो. म्हणून तिथले जोड इंडियम या मऊ धातूच्या तारेने सील करतात.

गळती शोधण्यात हाच वायू आपला मित्र आहे. अणू लहान, निष्क्रिय, हवेत जवळजवळ नसलेला, आणि द्रव्यमान-वर्णपटमापकात (अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात) ४ या अंकावर त्याच्याशी गल्लत करणारे फारसे कोणी नाही. निर्वात यंत्रणा गळतीशोधकाला जोडा, पार्श्वभूमीचे वाचन स्थिर होऊ द्या आणि मग बारीक नोझलने जोडांवर हेलियम सोडा. धार इतकीच हवी की पाण्याच्या पेल्यात धरल्यास सुटे बुडबुडे मोजता यावेत. हेलियम वर चढतो, म्हणून सुरुवात सर्वांत वरच्या जोडापासून करा. खालून सुरुवात केली तर वरच्या गळतीचा दोष खालच्या निर्दोष जोडावर येतो. प्रत्येक जोडापाशी काही सेकंदच फवारा. रबराच्या ओ-रिंगमधून हेलियम झिरपतो, आणि एका जागी बराच वेळ फवारत राहिले तर काही मिनिटांनी वाचन हळूहळू चढू लागते. ती गळती नसते. खरी गळती सेकंदांत उडी मारते आणि फवारा काढताच उतरते. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगल्या ओ-रिंगा विनाकारण बदलल्या जातात. काचेतूनही हेलियम हळूहळू आत जातो, क्वार्ट्झमधून तर अधिक. म्हणून फोटोमल्टिप्लायर नळ्या (अतिमंद प्रकाश मोजणाऱ्या निर्वात नळ्या) हेलियम वापरल्या जाणाऱ्या खोलीत साठवू नयेत, त्यांची निर्वातता बिघडते.

सुरक्षेबाबत थोडक्यात. लिटरभर द्रवापासून खोलीच्या तापमानाला सुमारे ७५० लिटर वायू होतो. जुन्या पद्धतीच्या एमआरआय चुंबकात हजारावर लिटर द्रव असतो. चुंबक एकाएकी अतिसंवाहकता गमावून बसला तर तो सगळा वायू छतावर नेणाऱ्या नळीतूनच जायला हवा. ती नळी तुंबली तर खोलीत दाब वाढतो आणि आत उघडणारे दार ओढूनही उघडत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारे असावे, ऑक्सिजनमापक उंचावर लावावा, आणि वायू पसरला असेल तर वाकून बाहेर पडावे. गुदमरल्याची जाणीव रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. हेलियम श्वासात घेतला तरी कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून बाहेर पडतच राहतो, त्यामुळे सूचना न मिळता माणूस कोसळतो. आवाज बारीक करण्यासाठी फुग्यातला हेलियम ओढणे याच कारणाने धोक्याचे आहे, आणि सिलिंडरला तोंड लावणे तर जीवघेणे, कारण दाबाने फुप्फुस फाटते. आवाज बदलतो तो ध्वनीचा वेग हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट झाल्याने तोंड-घशातले अनुनाद वर सरकतात म्हणून. स्वरतंतूंची कंप्रता मात्र जवळपास तीच राहते.

फुग्यांसाठी सिलिंडर घेताना हेही पाहा. जत्रेत आणि कोपऱ्यावर मिळणाऱ्या उडत्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमपासून जुन्या सिलिंडरमध्येच बनवलेला. केकवरच्या मेणबत्तीशेजारी तो नको. कारखान्यात भरलेल्या हायड्रोजन सिलिंडरच्या झडपेला उलटे आटे असतात, हेलियमच्या झडपेला सुलटे. घरी वायू बनवून भरलेल्या सिलिंडरना हा नियम लागू पडत नाही, त्यामुळे पुरवठादाराचे लेबल आणि शुद्धतेचे प्रमाणपत्र मागा. १५० बारला भरलेल्या ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू असतो, आणि एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. त्यातून फुग्याचे रबर आणि दोरा वजा करा. रबरी फुगा दुसऱ्या दिवशी खाली येतो, कारण वायू रबरातून झिरपून जातो. धातूचा लेप दिलेल्या फुग्यात तो कित्येक दिवस टिकतो.